पावसाच्या गावात गुलाब

"लोणावळ्यात काही गुलाब जगत नाही हो!" आमच्या भागात नव्याने राहायला येणाऱ्या बाईला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. कधी शेजारीण, कधी भाजीवाली, तर कधी खुद्द रोपं विकणारा माळी. आणि सांगणाऱ्याचं फारसं चुकतंय असंही वाटत नाही. पुण्याला वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून लोकलने दीड तासावर असलेल्या लोणावळ्यात तो ४,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढून दमतात, आपलं सगळं ओझं आमच्या दारात उतरवतात नि हलके होऊन पुण्याकडे निघून जातात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे चादरी वाळत नाहीत, चपलांवर बुरशी चढते, पापडाच्या डब्याचं झाकण चुकून उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत पापडाची घडी घालता येते. अशा हवेत गुलाबासारखं नखरेल झाड कसं बरं तग धरणार?

पण मैत्रिणींनो, ह्याच मावळ तालुक्याची दुसरी बाजू पाहा. तळेगाव दाभाडेजवळ एमआयडीसीचं फुलशेतीसाठी राखलेलं फ्लोरिकल्चर पार्क आहे. तिथे आणि पवन मावळातल्या गावागावांतून पॉलिहाउसच्या पांढऱ्या छपरांच्या रांगा दिसतात. त्यांच्या आत असतो गुलाब. दरवर्षी १४ फेब्रुवारीच्या 'व्हॅलेंटाइन डे'साठी इथला लांब दांडीचा लाल गुलाब विमानाने परदेशी जातो आणि देशातल्या मोठमोठ्या शहरांतही पोचतो. त्यासाठी शेतकरी डिसेंबरातच दिवस मोजून झाडांची छाटणी करतात, म्हणजे जानेवारीचा शेवट नि फेब्रुवारीचा पहिला आठवडा ह्यांत फूल नेमकं हाताशी येतं. फूल कापायचं, लगेच पाण्यात उभं करायचं, शीतगृहात न्यायचं, दांडीची लांबी ४०, ५०, ६० सेंटीमीटर अशी पाहून वेगळी करायची आणि वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या. ही कामं करणारे हात बहुतेक बायकांचेच असतात.

म्हणजे काय झालं? जगाला गुलाब पुरवणाऱ्या तालुक्यात, आपल्या दारात मात्र गुलाब होत नाही म्हणून आपण गप्प बसतो! ह्यात काहीतरी गफलत आहे, असं मला पहिल्यापासून वाटत आलं. ती गफलत उलगडायला फार शिकावंही लागत नाही. पॉलिहाउसमध्ये मुख्य गोष्ट कोणती? डोक्यावरचं छप्पर. मावळची थंड रात्र आणि हवेतला ओलावा गुलाबाला मानवतो. त्याला मानवत नाही तो पानावर तासन् तास थांबलेला पाऊस आणि मुळाशी साचलेलं पाणी. पान कोरडं आणि पाय कोरडे, एवढं सांभाळलं की आमच्या पावसातही गुलाब राहतो. भातलावणीला वाकलेली मावळातली बाई डोक्यावर इरलं घेऊन चार महिने भर पावसात उभी राहतेच ना? तसं एक इरलं गुलाबाला दिलं की झालं.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पॉलिहाउसमधला तो लांब दांडीचा गुलाब आपल्या गॅलरीत आणायच्या नादी लागू नका. वाढदिवसाच्या गुच्छातल्या दांड्या मातीत खोचून ठेवणाऱ्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत. एखादी फुटतेही. पण त्या जाती छपराखाली, मोजून दिलेल्या खतापाण्यावर, एका दांडीला एक मोठं फूल यावं म्हणून निपजवलेल्या असतात. दोन खोल्यांच्या संसारात त्यांचे लाड पुरवणं कठीण. आपल्याला हवा तो बसक्या अंगाचा, घोसाने फुलणारा, रुसवेफुगवे न करणारा छोटा गुलाब.

ह्या छोट्यांत तीन घराणी आहेत. पहिलं बटन गुलाबाचं. झाड वीतभरापासून हात-दीड हातापर्यंत, फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं. दुसरं पॉलिअँथाचं. बुटकं झाड नि एकेका फांदीवर लहान लहान फुलांचा गुच्छ. तिसरं फ्लोरिबंडाचं. हे जरा उंच, कमरेपर्यंत येणारं, फूल मध्यम आणि पुन्हा झुबक्यानेच. ह्यातला पांढरा 'आइसबर्ग' तर जगभर नावाजलेला. तो १९५८ साली जर्मनीत कोर्डेस ह्यांच्याकडे तयार झाला आणि आज आपल्याकडच्या रोपवाटिकांतही मिळतो. आपल्या देशातही ह्या घराण्यावर मोठं काम झालंय. डॉ. बी. पी. पाल हे खरे गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. पण गुलाबाचं वेड असं, की त्यांनी स्वतः कितीतरी नव्या जाती तयार केल्या. 'दिल्ली प्रिन्सेस' हा गडद गुलाबी फ्लोरिबंडा त्यांचाच, १९६३ सालचा. जाता जाता सांगते, बाजारात 'चिनी गुलाब' म्हणून मिळतो तो गुलाबच नव्हे. ते जमिनीलगत पसरणारं, मांसल पानांचं वेगळंच झाड आहे. फुलं छान येतात, पण गुलाब म्हणून पैसे मोजू नका.

बटन गुलाबाची कहाणी मला फार आवडते. गुलाब बारमाही फुलतो हा गुण मुळात चीनमधल्या गुलाबांचा. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या वाटेने युरोपात पोचले, म्हणून फ्रान्समध्ये त्यांना चक्क 'बंगालचा गुलाब' म्हणत. त्यातलाच एक अगदी चिमुकला प्रकार पुढे बागांतून नाहीसा झाला. मोठमोठ्या बागाईतदारांना त्याचा विसर पडला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका खेड्यात, घरांच्या खिडक्यांमधल्या कुंड्यांत तो रूले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडला. हेन्री कोरव्हाँ ह्या वनस्पतिप्रेमी माणसाने त्याला जगापुढे आणलं नि 'रोझा रूलेती' असं नाव दिलं. पुढे कॅलिफोर्नियात राल्फ मूर ह्यांनी उभं आयुष्य ह्या छोट्या गुलाबांवर घालवून शेकडो जाती केल्या. पण त्याआधी वर्षानुवर्षं तो जगवला कुणी? खेड्यातल्या साध्यासुध्या माणसांनी, खिडकीतल्या कुंडीत. म्हणजे गॅलरीतली कुंडी ही ह्या गुलाबाची अडचणीतली तडजोड नव्हे; ते त्याचं माहेरच आहे म्हणा ना!

आता रोप आणायला निघालात, तर फुलाकडे शेवटी पाहा. फूल विकणाऱ्याने दाखवायचं असतं. आपण पाहायची पानं. पान चकचकीत, जाडसर आणि बुंध्यापर्यंत टिकलेलं असावं. खालच्या पानांवर काळे ठिपके दिसले, किंवा बुडखा उघडाबोडका असला, तर ते रोप कितीही सुंदर फुललेलं असो, तिथेच ठेवा. दुसरं म्हणजे बुंधा पाहा. बहुतेक गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून केलेले असतात. डोळ्याची गाठ मातीच्या वर दिसली पाहिजे. त्या गाठीच्या खालून तरतरीत, सरळसोट फुटवा आला की आपण हरखतो, पण तो खुंटाचा असतो. घरच्याचं अन्न खाऊन वर शिरजोर होणारा पाहुणाच तो! त्याला निघाल्या जागेवरून मोडून टाकायचं. बटन गुलाब मात्र बरेचदा काडीपासून, स्वतःच्याच मुळांवर वाढवलेला मिळतो. विचारून घ्या नि मिळाला तर तोच आणा. वरची फांदी मेली तरी खालून फुटेल तो त्याच जातीचा, ही त्यातली सोय.

कुंडीचं म्हणाल, तर बटन गुलाबाला आठ इंचांची, पॉलिअँथाला दहा आणि फ्लोरिबंडाला बारा इंचांची पुरते. आमच्यासारख्या ओलसर गावात मातीची कुंडी केव्हाही बरी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. प्लास्टिकची असली तर बुडाला तीन-चार भोकं हवीतच. भोकांवर खापरीचे नि विटांचे तुकडे पसरा. मातीसाठी मावळात एक हुकमी वस्तू आहे, भाताचं तूस. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आज महाराष्ट्रभर घरोघरी शिजतो. पण गिरणीत मागे उरलेलं त्याचं तूस आपल्या कुंडीच्या किती कामाचं, हे फारसं कुणी सांगत नाही. पॉलिहाउसवालेही गादीवाफ्यात तांबड्या मातीबरोबर शेणखत नि तूस मिसळतात. आपण प्रमाण असं धरावं: दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं तूस. वर दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण कधीही घालू नका, मुळं जळतात. माती मुठीत दाबून सोडली की भुगभुशीत सुटली पाहिजे. लाडू वळला तर अजून तूस घाला.

जागा निवडताना उन्हाशी तडजोड नाही. दिवसातून निदान चार-पाच तास ऊन हवं, त्यातही सकाळचं उत्तम. तुमच्या गॅलरीला उन्हाचा कवडसाच येत असेल, तर मन मोठं करून गुलाबाचा नाद सोडा आणि मनीप्लांट लावा. कुंड्या कठड्यावर मात्र मुळीच ठेवू नका. आमच्याकडचा पावसाळी वारा भरलेली बादली ढकलतो, तिथे कुंडीची काय कथा! खाली कुणाचं मूल खेळत असतं. ग्रिलच्या आत, तारेने बांधून, दोन विटांवर कुंडी ठेवावी, म्हणजे भोकं मोकळी राहतात. आणि गॅलरीचं पाणी खाली ठिबकतं, त्याचाही विचार हवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुरडया एकदा आमच्या कुंडीतल्या मातकट पाण्याने न्हाल्या, तेव्हा दोन दिवस जिन्यात बोलणं बंद होतं. तेव्हापासून दर कुंडीखाली जुनी ताटली असते, आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाकायचं हा नियम. पाणी ताटलीत राहू दिलं तर वहिनी खूश, पण गुलाब नाखूश.

एवढी खटपट कशासाठी, असं तुम्हांला वाटेल. आमच्या घरापुरतं उत्तर देते. आमचं जुनं बैठं घर पाडून तिथे इमारत झाली आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर आलो. घर नवं, नळाला पाणी, पावसात गळती नाही; तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. पण जुन्या परसात तगर होती, जास्वंद होती, पारिजात होता. सासूबाई रोज पहाटे परडी घेऊन तासभर त्या झाडांत असत. नव्या घरात फुलांचा पुडा दाराला अडकवलेला येऊ लागला आणि तो तास त्यांच्या हातातून गेला. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या उशिरा उठू लागल्या. मग पूजाही "तूच उरकून घे" असं म्हणू लागल्या. म्हाताऱ्या माणसाचा दिवस रिकामा करायला फार मोठं काही लागत नाही, बायांनो. हातातलं एक काम काढून घेतलं की पुरतं.

पारिजात काही गॅलरीत मावत नाही. म्हणून हे छोटे गुलाब आले. आधी दोन कुंड्या, मग पाच, आता नऊ आहेत. परडी माळ्यावरून खाली आली. "मोठ्या फुलापेक्षा ही बारकीच बरी, सगळ्या देवांना एकेक पुरतं," हे सासूबाईंचं मत. आणि गंमत पाहा, त्यांच्या ह्या पूजेने झाडांचंही भलंच होतं. गुलाबाचं फूल झाडावरच सुकून बोंड धरू लागलं की झाडाची ताकद बी करण्यात जाते. तेच वेळेवर खुडलं तर झाड नवा फुटवा काढतं आणि पाच-सहा आठवड्यांत पुन्हा फुलतं. खुडताना फुलाखालच्या पहिल्या भरल्या पानाच्या किंचित वर कात्री लावावी, एवढंच मी त्यांना सांगितलं. आता कात्री त्यांच्याच कमरेला असते, मला हात लावू देत नाहीत!

पावसाळ्याचं वेळापत्रक आमच्याकडे असं. मे महिन्याच्या अखेरीस वाळक्या, एकमेकींत गुंतलेल्या बारीक फांद्या काढून झाड मोकळं करायचं, म्हणजे वारा आरपार जातो. मृगाच्या आधी सगळ्या कुंड्या सज्जाखाली सरकवायच्या. भिंतीपासून हातभर पुढे, पण पागोळ्यांच्या आत. हेच ते इरलं. ज्यांचं बैठं घर आहे, त्यांनी दोन बांबूंवर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिकचा कागद उतरता बांधावा. बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात. चारी बाजूंनी बांधून टाकलं तर झाड आत घुसमटतं. मग एक मजेदार गोष्ट होते. बाहेर मुसळधार कोसळत असतं आणि आपल्याला कुंडीला पाणी घालावं लागतं! दोन-तीन दिवसांनी बोट पेराएवढं मातीत घालून पाहायचं, कोरडं लागलं तरच घालायचं, तेही सकाळी आणि मुळाशी. पावसाचे भर महिने खत बंद. ऊन नसताना दिलेलं खत म्हणजे तापकऱ्याला श्रीखंड वाढण्यासारखं आहे.

इतकं करूनही जुलै-ऑगस्टात पानांवर काळे ठिपके येतातच, विशेषतः आठवडाभर धुकं हललं नाही तर. ही बुरशी आहे, आणि पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की तिचं बी रुजतं. म्हणूनच संध्याकाळी झाडाला वरून अंघोळ घालू नये. ठिपक्यांची पानं दिसताक्षणी खुडून कचऱ्याच्या डब्यात टाका. कुंडीत पडू दिली तर पुन्हा तिथूनच वर चढतात. काही झाडं सगळी पानं टाकून नुसत्या काड्या होतात. अशा वेळी घरातलं कुणीतरी "मेलं ते, फेकून दे" असं म्हणतं. फेकू नका. नखाने सालीचा किंचित पापुद्रा खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, नुसतं थांबलंय. श्रावण-भाद्रपदात तसंच राहू द्या. जास्त पाणी नको, खत नको, दया दाखवायला म्हणून जागा बदलणंही नको.

खरा सण पाऊस संपल्यावर. नवरात्र उठलं की छाटणीची तयारी करावी आणि कोजागिरीच्या आगेमागे, एखादा कोरडा, स्वच्छ दिवस पाहून ती उरकावी. बटन नि पॉलिअँथाची वरची एक तृतीयांश उंची कापा, फ्लोरिबंडाची निम्मी. काळपट, मेलेली फांदी हिरवं लाकूड लागेपर्यंत मागे कापत यायचं. काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या वर पाव इंचावर, तिरका. कापलेल्या जाड टोकांना मोरचूद नि चुन्याचा लेप लावतात, त्याने शेंड्याकडून होणारी मर खाली उतरत नाही. मग वरची दोन इंच माती काढून तिथे नवी माती नि शेणखत भरायचं. छाटणीपासून सहा-सात आठवड्यांत फुलं येतात. आपल्या कालगणनेत सांगायचं, तर कोजागिरीला कात्री लावली की मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या घटाला घरची फुलं! पॉलिहाउसवाले १४ फेब्रुवारी धरून दिवस मोजतात, आपण महालक्ष्मीचे गुरुवार धरून मोजायचे. हिशोब तोच.

फुलांच्या ह्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, दर पंधरा-वीस दिवसांनी चमचा-दोन चमचे निंबोळी किंवा शेंगदाण्याची पेंड द्यावी. हाडांचं खत चांगलं असतं, पण आमच्या घरात ते चालणार नाही म्हणून शेणखतावरच भर देतो. त्यावाचून काही अडलेलं नाही. स्वयंपाकघरातलं काय घालावं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तांदळाचं धुवण चालतं, मीठ नसलेलं डाळीचं पाणी चालतं. चहाचा चोथा घालायचा तर साखर-दूध धुऊन, वाळवून, महिन्यातून एकदा चिमूटभर. न धुता घातलात तर गुलाब नाही, मुंग्या वाढतील. केळीची सालं बारीक चिरून मातीत दडपली तर कुजून उपयोगी पडतात. वर पसरली तर चिलटं जमतात. आणि खत नेहमी ओल्या मातीला, कोरड्या मातीला कधीच नाही.

थंडीत कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसली तर झाडं थोडी दूर दूर ठेवा, रोगट शेंडे खुडा. फारच पसरली तर पाण्यात विरघळणारं गंधक पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात फवारा, पण भर उन्हात नाही. कळ्यांवर हिरवा मावा बसला की पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन टाका. राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल नि दोन थेंब भांडी घासायचा साबण, असं संध्याकाळी फवारा. एप्रिल-मेमध्ये पानं निस्तेज होऊन खाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते. पानांच्या पाठी सकाळी पाण्याने धुतल्या की तो हटतो. ह्या पलीकडची औषधं घरात, मुलाबाळांत आणायची मला तरी गरज वाटलेली नाही.

अलिबाग, रत्नागिरी, मालवणकडच्या आणि मुंबईत समुद्राकाठी राहणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द वेगळे. पाऊस तुमच्याकडेही भरपूर, म्हणून वरचं सगळं लागू आहेच. शिवाय तुमच्या वाऱ्यात मीठ असतं. जपानच्या किनाऱ्यावर वाळूत वाढणारा 'रुगोसा' नावाचा गुलाब खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, पण तो थंड मुलखातला. कोकणच्या उकाड्यात त्याचा जीव रमणार नाही. आपण बटन आणि पॉलिअँथाच लावावेत. झाड बुटकं असल्याने वाऱ्याला कमी सापडतं. कुंडी समुद्राच्या बाजूच्या कोपऱ्यात न ठेवता भिंतीच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीच्या आडोशाला ठेवा. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या की सकाळी गोड्या पाण्याने पानं धुवा, म्हणजे दुपारपर्यंत वाळतात. मचूळ विहिरीचं पाणी गुलाबाला नको. महिन्यातून एकदा कुंडीत इतकं पाणी ओता, की खालच्या भोकांतून धार लागेल; मातीत साठलेले क्षार त्याबरोबर निघून जातात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर ही वेळ आलीच समजा.

आता राहिली ती ह्या गुलाबाची सर्वांत मोठी सोय. तो वाटता येतो. छाटणीतली पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, चार ते सहा इंचांची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. निम्मी वाळू नि निम्मं तूस भरलेल्या पेल्यात ती खोचा आणि सावलीत ओलसर ठेवा. चार-सहा आठवड्यांत मुळं धरतात. चारांतली एखादी वाळतेच, म्हणून एकीच्या जागी चार लावाव्यात. खालच्या वहिनींना मी दिलेल्या काडीला आता माझ्यापेक्षा जास्त फुलं येतात, आणि जिन्यातलं बोलणं पुन्हा सुरू झालं हे वेगळं सांगायला नकोच.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या एका मुलीची आई पॉलिहाउसमध्ये फुलं निवडायला जाते. पालकसभेला आली तेव्हा माझ्या टेबलावरच्या पेल्यातले बटन गुलाब ती बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "बाई, फेब्रुवारीत मोजून मोजून बोटं भरून येतात, पण दारात एक झाड नाही बघा. आमच्याकडे पाऊस लई, तिथं काय जगतंय?" तिच्या हाताला गुलाबाचं जे कळतं, ते मला काय कळणार! कुठल्या डोळ्यावर काप घ्यायचा हे तिने मलाच दाखवलं. तिला फक्त कुणी सांगितलं नव्हतं, की गुलाबाची एक जात छपराखालच्या तेलाच्या डब्यातही सुखाने राहते. तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. दोन जगल्या. घराच्या पडवीत, डब्याला खिळ्याने भोकं पाडून तिने त्या लावल्यात. यंदा तिची मुलगी वेणीत घरचं फूल माळून शाळेत आली. फूल नखाएवढं होतं, पण वर्गातल्या सगळ्या मुलींनी ते वाकून वाकून पाहिलं.

तेव्हा कुणी म्हणालं, की आमच्या गावात गुलाब जगत नाही, तर भांडत बसू नका. विचारा, कुठला गुलाब, आणि कुठे ठेवला होता? मग एक छोटं रोप आणा, दोन विटा मांडा, वर हातभर छप्पर द्या. पहिल्या पावसाळ्यात ते काड्या होऊन उभं राहील, तेव्हा नखाने खरवडून पाहायला तेवढं विसरू नका.